कनेक्शन होतं, पण टेबल सापडत नाही: ओरॅकलच्या पीडीबीशी जोडताना वारंवार येणाऱ्या अडचणी

ओरॅकलच्या मल्टिटेनंट, म्हणजे एकाच्या पोटात अनेक डेटाबेस ठेवणाऱ्या, डेटाबेसबद्दल येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. लॉगिन होतं, पण टेबलच नाही असं सांगतो. माझ्या मशीनवरून चालतं, सर्व्हरवरच्या स्क्रिप्टमधून चालत नाही. काल रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि सकाळपासून ॲप्लिकेशन बंद आहे. युजर तयार करायला गेलो तर नावच चालत नाही म्हणतो. वरवर पाहता या वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि प्रत्येकीचा एरर नंबरही वेगळा आहे. पण खोदत गेलं की बहुतेक वेळा एकाच जागी येऊन थांबतो: सेशन नेमकं कोणत्या कंटेनरमध्ये उभं आहे आणि तिथे ते कोणत्या सर्व्हिसने (कनेक्ट होताना मागितलेल्या नावाने) पोचलं, हे कोणी तपासलेलंच नसतं.

म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. यातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांतच टाका.

थोडी पार्श्वभूमी, गरजेपुरती. २०१३ साली आलेल्या १२सी आवृत्तीपासून ओरॅकलने ही रचना आणली. एक कंटेनर डेटाबेस, म्हणजे सीडीबी, आणि त्यात अनेक प्लगेबल डेटाबेस, म्हणजे पीडीबी. इन्स्टन्स, म्हणजे सर्व्हरवर चालू असलेला डेटाबेस, एकच; मेमरी एकच, बॅकग्राउंड प्रोसेस त्याच. पण प्रत्येक पीडीबीची डेटा डिक्शनरी (टेबल, युजर वगैरेंची नोंदवही) वेगळी, युजर वेगळे, टेबलस्पेस (डेटा साठवायच्या जागा) वेगळ्या. आत प्रत्येक कंटेनरला नंबर असतो, त्याला कॉन_आयडी म्हणतात. रूटचा (सीडीबीचा स्वतःचा मुख्य कंटेनर) १, सीडचा (नवे पीडीबी करायचा साचा) २, तुमच्या पीडीबींचे ३ पासून पुढे. डेटाबेसची चालू स्थिती दाखवणाऱ्या व्ही$ व्ह्यूंमध्ये कधीकधी ० दिसतो, तो अख्ख्या सीडीबीला लागू असलेल्या माहितीचा. २१सीपासून जुनी, म्हणजे कंटेनर नसलेली रचना ओरॅकलने काढूनच टाकली. १९सीपासून मल्टिटेनंटचा वेगळा परवाना न घेता एका सीडीबीत तीन पीडीबी ठेवता येतात. त्यामुळे पूर्वी मोठ्या सेटअपपुरता असलेला हा विषय आता लहान सेटअपमध्येही रोजचा झाला आहे.

पहिला प्रश्न: मी कुठे आहे?

एररचा नंबर शोधायच्या आधी एसक्यूएल प्लसमध्ये (ओरॅकलच्या कमांड-लाइन साधनात) हे दोन शब्द टाका:

शो कॉन_नेम

सर्व्हरवर ओरॅकल युजरने लॉगिन करून ‘स्लॅश ॲज सिसडीबीए’ने (पासवर्डशिवाय, सर्वाधिकारी म्हणून) आत गेलात तर उत्तर येईल सीडीबी$रूट. इथेच पहिली गफलत होते. कनेक्शन झालेलं असतं, डेटाबेस ओपन असतो, सगळं ठीक दिसतं. मग कोणी तरी लिहितो:

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम एचआर.एम्प्लॉईज;

आणि समोर येतं ओरा-००९४२, टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही. टेबल आहे, डेटा आहे, कोणी काही उडवलेलं नाही. फक्त तुम्ही रूटमध्ये आहात आणि एचआर हा स्कीमा (एका युजरच्या टेबलांचा संच) पीडीबीमध्ये आहे. रूटच्या डिक्शनरीला तो माहीतच नाही. हा एरर पाहून बॅकअपमधून टेबल रिस्टोअर करायची तयारी सुरू होते, तेव्हा खरंच वाईट वाटतं. दोन शब्दांची तपासणी ती सगळी धावपळ वाचवू शकते.

मग पीडीबींची यादी बघा. ‘शो पीडीबीज’ने नाव, ओपन मोड आणि रिस्ट्रिक्टेड (फक्त खास परवानगीवाल्यांना खुला) आहे का, हे तिन्ही एका नजरेत दिसतं. हवा असलेला पीडीबी रीड राइट असेल तर:

अल्टर सेशन सेट कंटेनर = सेल्सपीडीबी;

पुन्हा ‘शो कॉन_नेम’ टाकून खात्री करा आणि तीच क्वेरी परत चालवा.

ही खात्री करून घ्या असं मुद्दाम सांगतो, कारण प्रॉम्प्टवर विसंबता येत नाही. बरेच जण ग्लॉगिन फाइलमध्ये (एसक्यूएल प्लस सुरू होताना वाचली जाणारी) प्रॉम्प्टला युजर आणि कनेक्ट आयडेंटिफायर जोडून ठेवतात. सवय चांगली आहे. पण कनेक्ट आयडेंटिफायर म्हणजे तुम्ही कनेक्ट होताना दिलेलं नाव. सेट कंटेनर करून आत सरकलात तरी प्रॉम्प्ट बदलत नाही. एका खिडकीत प्रॉम्प्ट एक सांगतो आणि सेशन दुसरीकडेच असतं. ज्या खिडकीत ड्रॉप किंवा ट्रंकेट चालवायचं आहे, तिथे हा फरक फार महागात पडू शकतो. स्क्रिप्टमध्ये तपासायचं असेल तर सिस_कॉन्टेक्स्ट फंक्शनला ‘युजरएन्व्ह’ आणि ‘कॉन_नेम’ हे दोन आर्ग्युमेंट द्या. त्याचं उत्तर सेशनच्या खऱ्या जागेप्रमाणे येतं.

सेट कंटेनर हा डीबीएच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या, कामाचा रस्ता आहे. रिपोर्ट, ॲप्लिकेशन, इंटिग्रेशन यांनी तो वापरू नये असं माझं ठाम मत आहे. त्यांनी थेट पीडीबीच्या सर्व्हिसने यावं. स्थानिक, म्हणजे एकाच पीडीबीतल्या, युजरला सेट कंटेनर करून दुसरीकडे जाताच येत नाही. कॉमन, म्हणजे सगळ्या कंटेनरमध्ये असलेल्या, युजरला सेट कंटेनर नावाचं वेगळं प्रिव्हिलेज द्यावं लागतं. शिवाय सेट कंटेनर केल्यावर आफ्टर लॉगऑन ट्रिगर चालत नाहीत, कारण ते नवं लॉगिन नसतं. त्या ट्रिगरमध्ये तुम्ही एनएलएस (भाषा, तारखेचा नमुना वगैरे) सेटिंग किंवा ऑडिटची नोंद टाकली असेल तर ती गुपचूप वगळली जाते. त्यासाठी आफ्टर सेट कंटेनर हा वेगळा ट्रिगर आहे, पण तो लिहून ठेवलेला सहसा कुठे दिसत नाही.

एसआयडी आणि सर्व्हिस

पीडीबीला एसआयडी नसतो. एसआयडी हे इन्स्टन्सचं ओळखनाव असतं, आणि इन्स्टन्स सगळ्या पीडीबींत मिळून एकच. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर जुन्या ॲप्लिकेशनच्या निम्म्या अडचणी सुटतात.

जावा ॲप्लिकेशनची जुनी जेडीबीसी कनेक्शन स्ट्रिंग आठवा: होस्ट, कोलन, १५२१, कोलन, आणि एसआयडी. डेटाबेस मल्टिटेनंटमध्ये हलवल्यावर कोणी तरी शेवटच्या कोलनपुढे पीडीबीचं नाव घालतो. लिसनर, म्हणजे सर्व्हरवर येणारी कनेक्शन स्वीकारणारी प्रोसेस, सांगतो ओरा-१२५०५, हा एसआयडी मला माहीत नाही. एवढं झालं तरी बरं, निदान एरर तरी येतो. याहून त्रासदायक प्रकार म्हणजे तिथे सीडीबीचा एसआयडी घालणं. मग कनेक्शन रूटमध्ये जातं. ॲप्लिकेशनचा युजर रूटमध्ये नसल्यामुळे ओरा-०१०१७ येतो, म्हणजे युजर किंवा पासवर्ड चुकीचा. मग लोक पासवर्ड बदलत बसतात. पासवर्ड बरोबर असतो, फक्त युजर पीडीबीमध्ये असतो. एरर पासवर्डचा असला तरी पासवर्ड बदलण्याआधी कनेक्शन स्ट्रिंग वाचा.

बरोबर रूप असं: ॲट चिन्हानंतर दोन स्लॅश, होस्ट, कोलन, पोर्ट, मग एक स्लॅश आणि सर्व्हिसचं नाव. शेवटच्या भागाआधी कोलन आहे की स्लॅश, हा बघायचा मुख्य फरक. एसक्यूएल प्लसमधून हेच तपासायला टीएनएसनेम्सची (कनेक्शनची नावं आणि पत्ते ठेवणारी) फाइलही लागत नाही:

एसक्यूएलप्लस एचआर@//डीबीहोस्ट:१५२१/सेल्सपीडीबी

टीएनएसनेम्समध्ये नोंद असेल तर कनेक्ट_डेटाच्या आत सर्व्हिस_नेम लिहिलंय की एसआयडी, हे बघा.

एखादं जुनं ॲप्लिकेशन असं असतं की त्यात एसआयडीच द्यावा लागतो आणि सोर्स कोड हाताशी नसतो. अशा वेळी लिसनरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये यूज_एसआयडी_ॲज_सर्व्हिस_लिसनर हे सेटिंग ऑन करता येतं. शेवटचा ‘लिसनर’ म्हणजे तुमच्या लिसनरचं नाव. नाव वेगळं असेल तर तेच लिहा. मग लिसनर आलेला एसआयडी सर्व्हिसचं नाव समजून घेतो आणि ॲप्लिकेशन पीडीबीत पोचतं. तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे. कायमची ठेवायची असेल तर निदान त्या फाइलमध्ये कारण लिहून ठेवा, नाही तर पुढच्या माणसाला ते सेटिंग अनाठायी वाटेल आणि तो काढून टाकेल.

ओरा-१२५१४ आला तर

लिसनर जिवंत आहे, पण मागितलेली सर्व्हिस त्याला माहीत नाही, असा याचा अर्थ. इथे टीएनएसपिंग करून ‘ओके आलं’ म्हणून लोक निर्धास्त होतात. टीएनएसपिंग फक्त लिसनरपर्यंत जाऊन येतो. सर्व्हिस आहे की नाही, पीडीबी उघडा आहे की नाही, याची तो विचारपूसही करत नाही.

खरं उत्तर लिसनरकडून घ्या. सर्व्हरवर लिसनर कंट्रोलमध्ये स्टेटस किंवा सर्व्हिसेस चालवा आणि यादीत तुमच्या सर्व्हिसचं नाव अक्षरशः शोधा. अक्षरशः म्हणतो, कारण डीबी_डोमेन पॅरामीटर भरलेला असेल तर यादीतल्या नावापुढे डोमेन लागलेलं असतं आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ते नसतं.

नाव यादीत मुळीच नसेल तर दोन शक्यता आधी पाहा. एक, लिसनर नुकताच रीस्टार्ट झाला असेल. डेटाबेस स्वतःहून लिसनरकडे नोंद करतो. १२सीपासून ते काम एलरेग नावाच्या प्रोसेसकडे आहे, त्याआधी पीमॉन करायचा. नोंद व्हायला एखादा मिनिट लागू शकतो. घाई असेल तर रूटमधून ‘अल्टर सिस्टम रजिस्टर’ द्या. तरी नाव येत नसेल तर लोकल_लिसनर पॅरामीटर तपासा. लिसनर १५२१ सोडून दुसऱ्या पोर्टवर असेल आणि हा पॅरामीटर रिकामा असेल, तर डेटाबेस भलत्याच दाराशी जाऊन नोंद करायचा प्रयत्न करत राहतो.

दुसरी शक्यता, सर्व्हिस तुम्ही स्वतः तयार केलेली आहे आणि पीडीबी बंद आहे. पीडीबी बंद म्हणजे त्याच्या आतल्या सर्व्हिसही बंद. पीडीबीच्या नावाची जी आपोआप मिळणारी सर्व्हिस असते, तिच्यावरून बंद पीडीबीकडे गेलात तर बहुधा ओरा-०१०३३ दिसतो, म्हणजे डेटाबेस सुरू किंवा बंद होतोय असा संदेश. तो वाचून लोक डेटाबेस सुरू व्हायची वाट बघत बसतात. सीडीबी केव्हाच सुरू झालेला असतो. उघडायचा राहिलेला असतो तो पीडीबी.

रीस्टार्टनंतर पीडीबी बंद का राहतो

सीडीबी सुरू झाला की पीडीबी आपोआप उघडतील असं गृहीत धरणं हे पुन्हा पुन्हा होणाऱ्या बिघाडाचं सर्वांत मोठं कारण आहे. मुळात ते तसे उघडत नाहीत. स्टार्टअपनंतर ते माउंटेड स्थितीत, म्हणजे जोडलेले पण न उघडलेले, राहतात.

सिलेक्ट नेम, ओपन_मोड, रिस्ट्रिक्टेड फ्रॉम व्ही$पीडीबीज;

इथे माउंटेड दिसलं तर रूटमधून:

अल्टर प्लगेबल डेटाबेस सेल्सपीडीबी ओपन;
अल्टर प्लगेबल डेटाबेस सेल्सपीडीबी सेव्ह स्टेट;

पहिली ओळ आजचं काम भागवते, दुसरी पुढच्या रीस्टार्टचं. सेव्ह स्टेटची सोय १२.१.०.२ पासून आहे. त्याआधीच्या १२.१.०.१ मध्ये आफ्टर स्टार्टअप ट्रिगर लिहूनच पीडीबी उघडावे लागत. अपग्रेड झालेल्या जुन्या सिस्टीममध्ये तो ट्रिगर अजून तसाच असतो आणि सेव्ह स्टेटही असतो. दोन्ही ठेवू नका. एखादा पीडीबी मुद्दाम बंद ठेवायचा ठरवलात तरी ट्रिगर तो उघडेल, आणि कोणी उघडला हे शोधत बसावं लागेल.

सेव्ह स्टेटबद्दल दोन बारकावे आहेत. त्या क्षणी पीडीबी ज्या स्थितीत आहे तीच जतन होते, म्हणून आधी ओपन, मग सेव्ह. उलट क्रमाने केलंत तर हाती काहीच लागत नाही. आणि तुम्ही तयार केलेली सर्व्हिस सुरू असताना सेव्ह स्टेट केला तर पुढच्या वेळी पीडीबीबरोबर तीही सुरू होते. सर्व्हिस नंतर वाढवली असेल तर सेव्ह स्टेट पुन्हा चालवा. ‘पीडीबी उघडलाय, पण ॲप्लिकेशनला अजून १२५१४ येतोय’ या तक्रारीचं मूळ अनेकदा इथे सापडतं. काय जतन आहे ते रूटमधून डीबीए_पीडीबी_सेव्ह्ड_स्टेट्स या व्ह्यूत दिसतं.

रॅकमध्ये (एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवरून चालवायच्या ओरॅकलच्या रचनेत) ही नोंद इन्स्टन्सनिहाय असते. एका नोडवर सेव्ह केलं म्हणजे दुसऱ्यावरही झालं असं नाही; त्यासाठी आज्ञेच्या शेवटी इन्स्टन्सेस = ऑल जोडा. ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चर (ओरॅकलचं क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्याहून चांगलं म्हणजे त्याच्या सर्व्हकंट्रोलने पीडीबीचं नाव देऊन सर्व्हिस नोंदवणं. मग सर्व्हिस सुरू करताना क्लस्टरवेअरच पीडीबी उघडतो.

एक गोष्ट विचारात पाडते. पीडीबी माउंटेड असतानाही सिस युजरला सेट कंटेनर करता येतं, एरर येत नाही. मग आत जाऊन डीबीए_युजर्सवर क्वेरी मारली की ओरा-०१२१९ येतो: डेटाबेस उघडा नाही, फक्त फिक्स्ड टेबल आणि व्ह्यूंवरच क्वेरी चालेल. कंटेनर बरोबर, स्थिती चूक, असं हे प्रकरण. सेट कंटेनर यशस्वी झालं एवढ्यावरून पीडीबी उघडा आहे असं ठरवू नका.

आणि पीडीबी रीड राइट दिसतोय, पण सामान्य युजरला ओरा-०१०३५ येतोय, तर रिस्ट्रिक्टेडचा रकाना बघा. तिथे यस असेल तर पीडीबी उघडताना ‘एररसह बदलला’ अशी सूचना आली असणार, जी स्क्रिप्टच्या लॉगमध्ये वाचायची राहून गेली. पॅच सीडीबीला लागलाय पण पीडीबीत डेटापॅच (पॅचचे बदल डेटाबेसच्या आत लावणारं साधन) चाललेला नाही, किंवा पीडीबी दुसरीकडून आणून प्लग केलाय आणि त्याचे घटक जुळत नाहीत, ही त्याची नेहमीची कारणं. पीडीबी_प्लग_इन_व्हायोलेशन्स या व्ह्यूत स्टेटस रिझॉल्व्ह्ड नसलेल्या ओळी वाचा. मेसेज आणि ॲक्शन या दोन रकान्यांत काय झालं आणि काय करायचं, हे बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेलं असतं. मूळ कारण दूर करून पीडीबी बंद करा आणि परत उघडा. रिस्ट्रिक्टेड सेशनचं प्रिव्हिलेज सगळ्यांना वाटून वेळ मारून नेऊ नका.

युजरचा घोळ

रूटमध्ये असताना ‘क्रिएट युजर रिपोर्ट’ लिहिलं की ओरा-६५०९६ येतो, कॉमन युजरचं नाव चालणारं नाही. रूटमध्ये तयार होणारा युजर कॉमन असतो, म्हणजे सगळ्या कंटेनरमध्ये असतो, आणि त्याच्या नावाआधी सी## लागतं. तुम्हाला बहुतेक वेळा कॉमन युजर नकोच असतो. ॲप्लिकेशनचा युजर हवा असेल तर पीडीबीत जा आणि तिथे साध्या नावाने तयार करा.

इंटरनेटवर या एररचं एक उत्तर सगळीकडे फिरतं: सेशनमध्ये अंडरस्कोर ओरॅकल_स्क्रिप्ट हा पॅरामीटर ट्रू करा आणि युजर तयार करा. युजर तयार होतो, हे खरं. पण तो पॅरामीटर ओरॅकलच्या स्वतःच्या इन्स्टॉलेशन स्क्रिप्टसाठी आहे. अशा युजरवर ‘ओरॅकलने सांभाळलेला’ असा शिक्का बसतो आणि डेटा पंप या ओरॅकलच्या एक्स्पोर्ट-इंपोर्टच्या साधनाच्या फुल एक्स्पोर्टमधून तो वगळला जातो. म्हणजे ज्या दिवशी एक्स्पोर्टवर भिस्त असेल, त्या दिवशी तो स्कीमा फाइलमध्ये नसेल. हे उत्तर वाचून युजर तयार केलेले असतील तर डीबीए_युजर्समध्ये ओरॅकल_मेंटेन्ड हा रकाना वाय असलेली तुमच्या ओळखीची नावं शोधा, आणि तो डेटा स्कीमानिहाय एक्स्पोर्ट करून व्यवस्थित तयार केलेल्या युजरमध्ये हलवा. हे काम पुढे ढकलू नका, ही मनापासून विनंती.

कॉमन युजर खरंच हवा असेल, उदाहरणार्थ मॉनिटरिंगसाठी, तर एक विसंगती लक्षात ठेवा. रूटमध्ये क्रिएट युजर दिलं की काही न लिहिता तो सगळ्या कंटेनरसाठी तयार होतो. पण ग्रँट दिलं की काही न लिहिता ते फक्त चालू कंटेनरपुरतं, म्हणजे रूटपुरतं असतं. म्हणून युजर पीडीबीत दिसतो, पण लॉगिन करायला गेलं की ओरा-०१०४५, क्रिएट सेशन प्रिव्हिलेज नाही. ग्रँटच्या शेवटी स्पष्ट लिहा:

ग्रँट क्रिएट सेशन, सेट कंटेनर टू सी##मॉनिटर कंटेनर = ऑल;

रूटमधून सगळ्या पीडीबींवर क्वेरी

आता वरच्याच मॉनिटर युजरला व्ही$ व्ह्यू वाचायचं प्रिव्हिलेज देऊन, त्या युजरने रूटमध्ये लॉगिन करून व्ही$पीडीबीजवर क्वेरी मारा. एकही पीडीबी दिसणार नाही. व्ही$सेशनमध्ये फक्त रूटची आणि सीडीबीपातळीची सेशन दिसतील. एरर नाही, सूचना नाही. फक्त ओळी कमी. हा प्रकार मला सगळ्यांत धोकादायक वाटतो, कारण मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड हिरवागार राहतो आणि पीडीबीत सेशन लॉक होऊन पडलेली असतात.

कारण असं की कॉमन युजरला रूटमध्ये बसून इतर कंटेनरचा डेटा बघायची परवानगी मुळात नसते. ती कंटेनर_डेटा या गुणधर्माने द्यावी लागते:

अल्टर युजर सी##मॉनिटर सेट कंटेनर_डेटा = ऑल कंटेनर = करंट;

सगळे कंटेनर दाखवायचे नसतील तर ऑलऐवजी कंसात नावं द्या. त्या यादीत सीडीबी$रूट असायलाच हवं. एखाद्या ठरावीक व्ह्यूपुरतंही देता येतं, पण तिथे व्ही$सेशन नव्हे तर मूळ व्ह्यू, व्ही_$सेशन असं नाव लिहावं लागतं. कोणाला काय दिलंय ते सीडीबी_कंटेनर_डेटा सांगतो. सिसने तपासून ‘मला तर सगळं दिसतंय’ म्हणू नका, ज्या युजरची तक्रार आहे त्याच युजरने तपासा.

डीबीए_ने सुरू होणारे व्ह्यू चालू कंटेनरपुरते बोलतात, सीडीबी_ने सुरू होणारे रूटमधून सगळ्यांचं सांगतात. पण फक्त उघड्या पीडीबींचं. बंद पीडीबीच्या टेबलस्पेस, युजर, डेटाफाइल सीडीबी_ व्ह्यूंमध्ये येत नाहीत. कालच्या आणि आजच्या रिपोर्टमध्ये जागेचा मोठा फरक दिसला तर डेटा गेला असं समजण्याआधी पीडीबी उघडा आहे का ते बघा. तसंच पीडीबीच्या आत बसून सीडीबी_ व्ह्यू विचारला तर तो त्याच पीडीबीचं सांगेल. सीडची माहितीही एरवी वगळलेलीच असते.

स्वतःच्या टेबलवर सगळ्या पीडीबींतून एकदम क्वेरी हवी असेल तर कंटेनर्स क्लॉज आहे. रूटमधून कॉमन युजरने:

सिलेक्ट कॉन_आयडी, काउंट(*) फ्रॉम कंटेनर्स(ऑर्डर्स) ग्रुप बाय कॉन_आयडी;

यासाठी त्या कॉमन युजरच्या स्कीमात ऑर्डर्स नावाचं टेबल किंवा व्ह्यू रूटमध्येही असावं लागतं आणि प्रत्येक पीडीबीतही, रकाने तेच. खरं टेबल पीडीबीतल्या स्थानिक स्कीमात असेल तर प्रत्येक पीडीबीत कॉमन युजरच्या नावे त्यावर व्ह्यू करा आणि रूटमध्ये त्याच साच्याचं रिकामं टेबल. एखाद्या पीडीबीत ते नसेल तर व्हेअरमध्ये कॉन_आयडी देऊन तो पीडीबी बाजूला ठेवा. ही क्वेरी पॅरलल प्रोसेसनी चालते, म्हणून गर्दीच्या वेळी दर मिनिटाला चालवायची ही चीज नव्हे.

डीएमएलचं, म्हणजे इन्सर्ट, अपडेट, डिलीटचं, मात्र वेगळं आहे. एका पीडीबीत अपडेट केलं, कमिट न करता सेट कंटेनरने दुसऱ्यात गेलात आणि तिथे अपडेट करायला लागलात, तर ओरा-६५०२३ येतो: दुसऱ्या कंटेनरमध्ये ट्रान्झॅक्शन अर्धवट आहे. परत पहिल्या कंटेनरमध्ये जाऊन कमिट किंवा रोलबॅक करा, मग पुढे जा.

क्रॉनमधल्या स्क्रिप्ट

मल्टिटेनंटमध्ये आल्यावर सर्वांत आधी मोडतात त्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) स्लॅश ॲज सिसडीबीएवर चालणाऱ्या जुन्या शेल स्क्रिप्ट. मोडतात म्हणजे बंद पडत नाहीत. रूटमध्ये जाऊन निमूट चालतात आणि तिथलंच काम करून येतात. डेटा पंप निदान ओरा-३९३५७ची सूचना देतो, की रूटमध्ये किंवा सीडमध्ये हे काम सहसा लागत नाही. ती सूचना लॉगमध्ये दिसली तर त्या रात्रीच्या एक्स्पोर्टमध्ये तुमचा डेटा नाही, असं समजा.

टू_टास्क हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पीडीबीच्या नावाला लावून वेळ भागवता येते, पण मग कनेक्शन लिसनरमार्गे जातं आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या भरवशावरचं स्लॅश ॲज सिसडीबीए ओरा-०१०१७ देऊन थांबतं. नव्या आवृत्त्यांत ओरॅकल_पीडीबी_एसआयडी हा व्हेरिएबल आहे, तो लिसनरशिवाय थेट पीडीबीत नेतो. त्यात नाव चुकलं तर एरर न देता तुम्हाला रूटमध्येच ठेवतो, म्हणून त्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत कॉन_नेम तपासून नाव जुळलं नाही तर बाहेर पडायची व्यवस्था हवी.

मी सुचवेन तो रस्ता म्हणजे वॉलेट, म्हणजे पासवर्ड सुरक्षित ठेवायची ओरॅकलची सोय. एमकेस्टोअर या आज्ञेने पीडीबीच्या टीएनएस नावासाठी युजर आणि पासवर्ड वॉलेटमध्ये ठेवा, एसक्यूएलनेट फाइलमध्ये वॉलेटची जागा आणि वॉलेट_ओव्हरराइड ट्रू करा. स्क्रिप्टमध्ये फक्त स्लॅश, ॲट चिन्ह आणि पीडीबीचं नाव राहतं. पासवर्ड फाइलमध्ये उघडा पडत नाही आणि कनेक्शन कुठे जाणार हे स्क्रिप्ट वाचणाऱ्याला लगेच कळतं.

कधी चालतं, कधी नाही

एकाच सर्व्हरवर दोन सीडीबी, दोघांचा लिसनर एक, आणि दोघांत एकाच नावाचा पीडीबी. टेस्ट आणि डेव्हलपमेंटच्या मशीनवर हे हमखास आढळतं, कारण क्लोन करताना नाव तेच ठेवलं जातं. दोन्ही इन्स्टन्स लिसनरकडे त्याच नावाची सर्व्हिस नोंदवतात. लिसनरला वाटतं एकाच सर्व्हिसचे हे दोन इन्स्टन्स आहेत, आणि तो कनेक्शन कधी इकडे, कधी तिकडे देतो. एकदा टाकलेली ओळ पुढच्या लॉगिनला गायब, नंतर पुन्हा हजर. ॲप्लिकेशन टीम कॅशवर संशय घेते, डीबीए कमिटवर.

लिसनर कंट्रोलच्या सर्व्हिसेसच्या यादीत त्या सर्व्हिसखाली दोन वेगळ्या इन्स्टन्सची नावं दिसली की निदान झालं. पीडीबीचं नाव बदला, किंवा एका सीडीबीला वेगळा लिसनर द्या. पीडीबी क्लोन करताना तुम्ही तयार केलेल्या सर्व्हिसही सोबत येतात, म्हणून क्रिएट प्लगेबल डेटाबेसमध्ये सर्व्हिस_नेम_कन्व्हर्ट देऊन त्यांची नावं तिथेच बदलून घ्या.

याच कारणासाठी ॲप्लिकेशनला पीडीबीच्या नावाची आपोआप मिळणारी सर्व्हिस देऊ नका. पीडीबीत जाऊन डीबीएमएस_सर्व्हिस पॅकेजने, समजा सेल्स_ॲप नावाची सर्व्हिस तयार करा, सुरू करा, मग सेव्ह स्टेट. उद्या पीडीबीचं नाव बदललं किंवा तो दुसऱ्या सीडीबीत हलवला, तरी ॲप्लिकेशनला सर्व्हिसचं तेच नाव देता येतं.

सगळ्या कनेक्शन स्ट्रिंग बदलून झाल्यावर रूटमधून ही क्वेरी चालवा:

सिलेक्ट कॉन_आयडी, सर्व्हिस_नेम, मशीन, प्रोग्रॅम, काउंट(*) फ्रॉम व्ही$सेशन व्हेअर टाइप = ‘युजर’ ग्रुप बाय कॉन_आयडी, सर्व्हिस_नेम, मशीन, प्रोग्रॅम;

कॉन_आयडी १ असलेल्या ओळींत डीबीए आणि मॉनिटरिंगची साधनं सोडून दुसरं काही दिसलं, तर ते कनेक्शन अजून रूटमध्ये येतंय. सर्व्हिस_नेम सिस$युजर्स असेल तर ते एसआयडीने किंवा सर्व्हरवरूनच थेट आलेलं आहे. मशीन आणि प्रोग्रॅमच्या रकान्यांवरून त्याचा मालक शोधा आणि तिथली स्ट्रिंग बदला. ही क्वेरी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चालवा, विशेषतः रात्रीच्या बॅचच्या वेळी आणि महिनाअखेरीला, कारण महिन्यातून एकदाच जागी होणारी जॉब इतर वेळी या यादीत दिसत नाही.